गोंयच्या सायबाकडे चालत जाताना

नोव्हेंबर सरत आला की मुंबई-गोवा महामार्गावर, बांदा-पत्रादेवीच्या बाजूला, चालणारी माणसं दिसू लागतात. पुढच्याच्या हातात लाकडी खुरीस म्हणजे क्रूस, मागे रांगेनं बायका, बापये, कॉलेजातली मुलं. पाठीला सॅक, मुठीत जपमाळ. ही जुन्या गोव्याची वारी. 24 नोव्हेंबरला बॉम जेझूच्या बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोवेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात आणि 3 डिसेंबरला फेस्त, म्हणजे सण, असतं. 1552 साली याच तारखेला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांनी देह ठेवला. गोव्यात आणि आमच्या सिंधुदुर्गात त्यांना नुसत्या नावानं सहसा कोणी बोलवत नाही. ते 'गोंयचो सायब'. त्यांच्याकडे बेळगावहून लोक चालत येतात, कारवारहून येतात, आम्ही सावंतवाडीहून जातो. चालणारे सगळे ख्रिस्तीच असतात असंही नाही. ज्याला सायब पावला तो चालतो.

मी चालले ती भावासाठी. गेल्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ शेतात कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आमच्याकडे असं काही झालं की रुग्णवाहिका गोव्याकडेच वळते, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांनी बांबोळीचे ते लांबलचक व्हरांडे पाहिलेले आहेत. वहिनी आणि मी आळीपाळीनं तिथे राहिलो. रात्री जमिनीवर अंथरूण, पहाटे नळावर रांग. डॉक्टरांची फेरी होईपर्यंत खाटेजवळून हलायचं नाही, कारण नेमकं तेव्हाच कोणीतरी काहीतरी विचारतं, नवीन औषध लिहून देतं. त्यामुळे पोटात काही जायला दहा-साडेदहा वाजायचे.

शेजारच्या खाटेवर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक माणूस होता. त्याची बायको पहाटेच कुठून तरी पेज मिळवून आणायची आणि त्यातली अर्धी माझ्यापुढे ठेवायची. मी नको म्हटलं की रागवायची. "खा गो बाय. उपाशी रावन दुयेंतीक कशी सांबाळटली तूं?" उपाशी राहून रोग्याला कशी सांभाळशील, असं. मी निमूटपणे खायची. त्या पेजेत मीठ आणि आंब्याच्या लोणच्याची एक फोड असायची. आजही ती चव जिभेवर आहे.

एका सकाळी तिचा नवरा गेला. नातेवाईक आले, कागदपत्रं झाली. निघताना ती माझ्याजवळ आली आणि आपली चटई, थर्मास आणि अर्धा साबण माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, "तुका लागतलें." मग वळून चालायला लागली. मी तिचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

माझा भाऊ वाचला. हळूहळू बोलायला लागला, काठी घेऊन अंगणात फिरायला लागला. घरी आणला त्या दिवशी जो आला तो म्हणाला, देव चांगला. मीही म्हणाले, मनापासून म्हणाले. चौतिसावं स्तोत्र आमच्या घरात पोरांना पाठ असतं: 'परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा.' पण ते शब्द ओठांवर आले की ती बाई डोळ्यांपुढे उभी राहायची. आमचा माणूस घरी आला म्हणून देव चांगला, तर त्या सकाळी तिच्यासाठी तो काय होता? घरातलं कोणीतरी सायबाकडे चालत येईल, अशी आंगवण, म्हणजे नवस, वहिनीनं केली होती. तिला भावाला सोडून निघणं शक्य नव्हतं, म्हणून मी निघाले. आभार मानायचे होतेच, आणि हा प्रश्नही बरोबर होता.

मिलाग्रीस चर्चमध्ये प्रार्थना करून, फादरांचा आशीर्वाद घेऊन आम्ही काळोखातच सावंतवाडी सोडली. आमच्यात एक निवृत्त पोस्टमन काका होते, खुरीस बहुतेक वेळ त्यांच्याच खांद्यावर. एक नर्स होती, तिच्या सॅकमध्ये कपड्यांपेक्षा बँडेजं जास्त. इन्सुलीचा घाट उतरताना थंडी चांगलीच होती. तेर्साचं, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचं, एकेक दशक संपलं की कोणीतरी गाणं धरायचं. चालताना केलेल्या प्रार्थनेला एक वेगळी लय येते. श्वास आणि पाऊल तिचा ताल ठरवतात, घाई करताच येत नाही.

बांद्याला तेरेखोल नदीवर धुकं होतं. रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात, तुळशीला पाणी घालून झालेल्या एका आजीनं आम्हाला हाक मारली. "खय चललास गो सगळी?"

"सायबाकडे, आजी."

"मगे पाणी पिऊन जावा."

तिनं गूळ आणि पाण्याचा तांब्या आणला. सगळ्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत ती खांबाला टेकून उभी राहिली, मग खुरसाला हात जोडले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "माज्या झिलाचा नाव सांगा सायबाक. मुंबयक असता. फोन करणा नाय." तिनं मुलाचं नाव सांगितलं. मी ते वाटभर दशकाच्या शेवटी घेत राहिले, विसरायला नको म्हणून.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीसाठी निःशस्त्र शिरलेल्या सत्याग्रहींवर इथे पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. काकांनी टोपी काढली, आम्ही मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हटली. गोंयच्या सायबाच्या वाटेवर हे स्मारक लागतं आणि तिथे न थांबता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

पेडणे तालुक्यात ऊन चढलं. महामार्ग रुंद झाल्यापासून सावलीची झाडं राहिली नाहीत. मोपाला उतरणारी विमानं डोक्यावरून जातात, बाजूनं ट्रक. मध्येच एक रुग्णवाहिका सायरन वाजवत बांबोळीच्या दिशेनं गेली. आम्ही कडेला उभं राहून 'नमो मारिये' ही मरियेची प्रार्थना म्हटली. आत कोण आहे ते माहीत नव्हतं, पण आत बसलेल्या नातेवाइकाचे हात कसे थंड पडलेले असतात ते मला माहीत होतं.

धारगळच्या पुढे माझ्या टाचेचा फोड फुटला आणि बाटलीतलं पाणीही संपलं. मी आणि नर्स मागे पडलो. रस्त्याचं काम चालू होतं, तिथे खडीच्या ढिगाच्या सावलीला एक लमाणी बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. तिनं काही विचारलं नाही. प्लास्टिकचा कॅन कलता करून स्टीलचा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. कॅनमध्ये पाणी फार नव्हतं. दिवस सगळा जायचा होता आणि उन्हात राबणारी माणसं त्यावरच होती. मी अर्धाच घेतला तर तिनं पुन्हा भरला. तिच्या थोरल्या मुलीच्या पायाला पत्रा लागून जखम चिघळली होती. नर्स तिथेच मातीत बसली, जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन कुठे मिळेल ते मुकादमाला समजावून सांगितलं, आणि दोनदा त्याच्याकडून वदवून घेतलं.

मी बघत बसले होते आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातलं दहाव्या अध्यायाच्या शेवटचं वचन आठवत होतं. या लहानांतल्या एकाला शिष्य म्हणून जो कोणी गार पाण्याचा नुसता एक पेला देईल, तो आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे वचन शिकवते. मुलं चित्र काढतात, आपण पाणी देतोय, समोर कोणीतरी गरीब. पण त्या अध्यायाची सुरुवात वाचा. येशू बारा जणांना वाटेला लावतोय आणि सांगतोय, कंबरेला पैसा नको, झोळी नको, दोन अंगरखे नकोत, काठीही नको. म्हणजे त्या वचनात तहानलेला आहे तो शिष्य. पाणी आहे ते रस्त्यातल्या अनोळखी माणसाकडे. येशूनं आपल्या माणसांना आधी घ्यायला पाठवलं, रिकाम्या हातांनी, लोकांच्या दारात. देवाचा चांगुलपणा कोणत्या हातांतून येतो ते त्यांना चालता चालता कळावं म्हणून, असं मला वाटतं. ज्यानं असं घेतलं आहे त्याच्या देण्यात उपकाराचा ताठा येत नाही.

बांबोळीच्या पहाटेची पेज मग मला नीट दिसली. भाऊ वाचण्याच्या कितीतरी आधी देवानं मला उपाशी ठेवलं नव्हतं. भाऊ वाचला नसता तरी ते खरंच राहिलं असतं. आणि त्या बाईचं काय? तिच्या नवऱ्याला का नेलं, हे मला कोणी सांगू शकणार नाही, मी विचारणंही सोडलेलं नाही. पण त्या सकाळी तिच्याजवळ बसायला, तिच्याबरोबर खालपर्यंत जायला देवानं कोणालाच नेमलं नसेल, हे मला पटत नाही. नेमलेलं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर नुसती उभी होते.

कोलवाळचा पूल ओलांडताना शापोरा नदीचं वारं लागलं, म्हापशात अंधार झाला. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मरियामाता, ही लईराई देवीची बहीण, असं गोव्यातले हिंदू मानतात, तिच्या फेस्ताला दोन्ही धर्मांचे लोक तेल घेऊन येतात. तिला नमस्कार करून गिरीच्या बाजूला एका घरी मुक्कामाला गेलो. घरात म्हातारी जोडी एकटीच, मुलं इंग्लंडात. नोवेनांच्या दिवसांत ते आपला हॉल चालणाऱ्यांसाठी मोकळा करतात. दारातच गरम पाण्याची घमेली मांडलेली, पाण्यात मीठ. आमचे पाय त्यात बुडले आणि आंटी टॉवेल घेऊन खाली बसायला लागली. काकांना ते सहन होईना, "नाका, नाका" म्हणत त्यांनी पाय वर घेतले. आंटी म्हणाली, "पेद्रूनय अशेंच म्हळ्ळें न्हय?" शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्रानंही येशूला असाच नकार दिला होता. काकांनी पाय परत पाण्यात सोडले, आणि डोळे पुसले. मग शीत, हुमण म्हणजे माशांची आमटी, आणि सकाळी पोदेरानं, पाववाल्यानं, आणलेले गरम उंडे.

शेवटचा टप्पा पहाटे. पणजीहून रायबंदरला जाणारा मांडवीकाठचा जुना पूलरस्ता 1633-34 च्या सुमाराला बांधलेला, तीनेक किलोमीटरचा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरांचं पाणी. इथे सगळीकडची माणसं एकत्र येतात. कोणाचं कोकणी, कोणाचं मराठी, कोणाचं कानडी. एका बेळगावकराचा चपलेचा पट्टा तुटला होता, आमच्यातल्या मुलानं आपली जादा चप्पल दिली. "देव बरें करूं," असे आभार मानून तो पुढे गेला.

सायबाचा देह या बासिलिकेत जपून ठेवलेला आहे. दहा वर्षांनी होणारं त्याचं शवप्रदर्शन 5 जानेवारी 2025 ला संपलं होतं, त्यामुळे या वेळी सायब आपल्या नेहमीच्या जागी होते, उंचावर, चांदीच्या पेटीत. खालचं संगमरवरी काम इटलीतल्या तोस्कानाच्या ड्यूकनं दिलेलं, 1698 सालचं. लोक मान वर करून बघतात. मला मात्र तिथे 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरलेला माणूस दिसत होता. पोपचा प्रतिनिधी म्हणून आलेला, तरी राहायला इस्पितळात गेला. दिवसा रोग्यांची सेवा, आणि संध्याकाळी घंटा वाजवत रस्त्यानं मुलांना गोळा करायचं. सायबाची ओळख चमत्कारांनी होते, पण इस्पितळाच्या जमिनीवर झोपणारा सायब मला जास्त जवळचा आहे. मी त्यांच्या भेटीला तीन नावं घेऊन गेले होते: भावाचं, बांद्याच्या आजीच्या मुलाचं, आणि तिसरीचं नाव माहीत नव्हतं म्हणून 'सत्तरीची बाय'.

मांडवात मिस्सा झाल्यावर, चणे आणि खाजं खात, आम्ही तिथेच बसून ठरवलं. नर्स म्हणाली, सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयातही रोग्याबरोबर आलेली माणसं तशीच असतात, कुडाळ-दोडामार्गच्या खेड्यांतून आलेली. रोग्याला जेवण मिळतं, पण त्यांचं कोणी विचारत नाही. गोव्याच्या सरकारी कदंबाच्या बसमध्ये परतताना काकांनी खिशातल्या डायरीत वार वाटून टाकले.

ते चालू झालंय. पेज आमच्या घरून जाते, लोणचं वहिनी देते, भाऊ काठी टेकत फाटकापर्यंत डबा आणून ठेवतो. ज्याला हवं त्यानं घ्यायचं, धर्म-जात, कोण कुठला, काही नाही. फक्त जाणाऱ्यानं दोन गोष्टी पाळायच्या असं ठरलंय: नाव विचारायचं, आणि वॉर्डात कोणी गेलेलं असेल तर डबा खाली ठेवून आधी त्या घरच्या माणसाबरोबर खालपर्यंत जायचं. पेज साडेसातच्या आत पोचवावी लागते, कारण नंतर डॉक्टरांची फेरी सुरू होते आणि सोबतचा माणूस खाटेजवळून हलत नाही.