ग्रिलसाठी सिलिंडर कोणता आणि कव्हर कसले?

भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते, त्यामुळे कोणता गॅस घ्यावा हा प्रश्न आपल्याला तेथे कधी पडतच नाही. इंग्लंडमध्ये अंगणातल्या ग्रिलसाठी सिलिंडर घेताना मात्र तो आधी सोडवावा लागतो. कॅलॉर कंपनीच्या निळ्या सिलिंडरमध्ये ब्युटेन असतो आणि लाल व हिरव्या सिलिंडरमध्ये प्रोपेन. तापमान शून्य अंशाजवळ आले की ब्युटेनचे वायूत रूपांतर होणे जवळजवळ थांबते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायूरूप होऊ शकतो. म्हणून डिसेंबरातही भरताची वांगी बाहेरच भाजणाऱ्याने (आणि ती बाहेरच भाजावीत, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो) निळ्या सिलिंडरच्या वाटेला जाऊ नये. लाल सिलिंडरचे आटे उलटे असतात व रेग्युलेटर पान्याने आवळावा लागतो. हिरव्याला मात्र तो नुसता दाबून बसतो, म्हणून मी हिरवाच निवडतो.

हिरवा सिलिंडर ५ आणि १३ किलोंमध्ये मिळतो. एक किलो प्रोपेनपासून सुमारे १४ किलोवॉट-तास उष्णता मिळते. म्हणजे १० किलोवॉटचे ग्रिल पूर्ण आचेवर ठेवले, तर लहान सिलिंडर हिशेबाने सात तासांच्या आसपास पुरतो. हिशेब इथेच संपत नाही. द्रवाचा वायू होताना सिलिंडर गार पडत जातो, लहान सिलिंडर अधिक लवकर गारठतो, त्याच्यावर दव किंवा हिम धरते आणि गॅस शिल्लक असूनही आच मंदावते. चार बर्नरांचे ग्रिल असेल तर उचलायला जड असला तरी १३ किलोंचाच घ्यावा.

कव्हर निवडताना मी जाडीपेक्षा वायुवीजनाला महत्त्व देतो. स्वस्त प्लॅस्टिकचे कव्हर थंडीत कडक होऊन घडीवर तडकते, शिवाय आत साचलेल्या दमटपणाने पावसाइतकाच गंज चढतो. आतून लेप दिलेले, बाजूंना झडपांची भोके असलेले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून खाली बांधायचे पट्टे असलेले पॉलिएस्टरचे कव्हर बरे. माप बाजूच्या फळ्या धरून घ्यावे, आणि ग्रिल पूर्ण निवल्यावर, सिलिंडरचा कॉक बंद करूनच ते घालावे. कव्हर असले तरी बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळी विणतातच, तेव्हा बरेच दिवस बंद असलेले ग्रिल पेटवण्यापूर्वी त्या नळ्या ब्रशने साफ कराव्यात आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.