सुटलेलं पान

काल रात्री पिल्लूला वाचून दाखवताना मी एक पान मुद्दाम सोडलं. तिच्या लगेच लक्षात आलं, "आई, मधलं राहिलं." म्हटलं झोप आता, उशीर झाला. ती झोपली, मला काही झोप आली नाही.

पुस्तक लहान मुलांचंच आहे. आई गेलेली, दोघं भावंडं, धाकट्याला फ्रॉक घालून बघायचाय आणि बहीण त्याला घालू देते, त्या पानावर ती त्याच्या पाठीवरची बटणं लावून देते, बस एवढंच. पण माझ्याच्यानं ते मोठ्यानं वाचवेना.

माझ्या भावाला, बाबूला, भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या पोरींच्या सणाची, सगळी गाणी पाठ होती. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आम्ही पोरी घरोघरी जायचो अन् हा मागे मागे. खिरापत ओळखायची तर डबा कानाशी नेऊन हलवायचा, म्हणायचा फुटाणे, अन् फुटाणेच निघायचे. एका कोजागिरीला माझा हिरवा परकर नेसून आला, नाडी नीट बांधता आली नव्हती म्हणून एका हातानं धरलेला. पोरी हसल्या. मीही हसले. मीच आधी हसले खरं तर.

पुढच्या वर्षी आलाच नाही. आईनं विचारलं काऊन रे, तर म्हणे गाणी विसरलो.

तो जुलै, त्याची ती रिकामी खाट... ते नाही लिहीत.

सगळे म्हणतात तू तरी केवढी होतीस, बारा वर्षांची. पण पुस्तकातली बहीणही बाराचीच आहे ना. रात्री वाटलं, मला कोणी असं काही वाचून दाखवलं असतं तर, खूप रडले, मग वाटलं आईबाबांना तरी कोणी दाखवलं होतं, अन् राग कुठे ठेवायचा तेच कळेना. मी आधी हसले ते हसलेच. आता ते तसंच राहणार.

परवा तान्ह्या पोळ्याला पिल्लूसाठी माळ्यावरून बाबूचा लाकडी नंदी काढला. रघुजीराजे दुसरे यांनी १८०६ साली हा सण खास पोरांसाठी सुरू केला, असं बाबा दरवर्षी सांगायचे. नंदीच्या कपाळावर माझी लाल टिकली अजून चिकटलेली, मागच्या चाकाला रिबिनीचा तुकडा. त्या वर्षी टिकल्यांचं पाकीट सापडेना म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं.

पिल्लूनं विचारलं, "मामा टिकली लावायचा?"

म्हटलं, हो, नंदीला. आरशासमोर स्वतःलाही लावायचा, हे गिळलं.

आज तेच पान उघडून उशाशी ठेवलंय. चित्रात फ्रॉकला चार बटणं आहेत, वरचं एक अजून लावायचं राहिलंय.