जासुदाचा घोडा

आमच्या गेममध्ये खेळाडू जासूद आहे, एका गडावरचं पत्र दुसऱ्या गडावर पोचवणारा शिवकाळातला निरोप्या. अशा माणसाला घोडा नको? गेममध्ये काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवणाऱ्या स्कोपच्या मीटिंगमध्ये सगळे हेच विचारत होते, आणि ‘काढू या’ म्हणणारा मी एकटा.

बाहेरच्यांना वाटतं, घोडा म्हणजे एक मॉडेल आणि चार अ‍ॅनिमेशन. ते तर झालंच होतं. आमच्या अ‍ॅनिमेटरने दौड अशी बसवली होती की टेस्टर काम सोडून माळावर चकरा मारायचे. घोळ बाकीच्या सगळ्यात होता. जासूद दोर लावून तटावर चढला की घोडा कुठे थांबतो? पहारेकऱ्याला तो दिसतो का? खेळाडू मरून मागच्या चेकपॉइंटला आला, तर घोडा तटाखाली की त्याच्याजवळ? हे सगळं सेव्ह फाइलमध्ये ठेवायचं. पायऱ्यांवर त्याचे खूर हवेत तरंगणार. शिवाय वेग! पायी पुरणारा नकाशा घोड्यावर बघता बघता संपतो, म्हणून नकाशा मोठा करायचा. केला की ३ जीबी रॅमच्या फोनवर पुढचा तुकडा लोड व्हायच्या आत घोडा तिथे हजर. सेकंदाला ३० फ्रेमने, म्हणजे ३० चित्रांनी, चालवायचं तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम ३३ मिलिसेकंद. गेम अडखळणारच.

पब्लिशरकडचे गृहस्थ कॉलवर म्हणाले, “घोडा राहू द्या, शिवाय दोघांनी मिळून खेळायचा एक छोटासा मोड टाका.” छोटासा! यांनी दुसऱ्या लेव्हलपुढे गेम कधी उघडला नव्हता.

शेवटी घोडा दोन लेव्हलच्या मध्ये दिसणाऱ्या प्रसंगापुरता उरला. पण काढायलाही माणसं आणि दिवस लागतात, हे वेळापत्रकवाल्यांच्या गावीच नसतं. पत्र पोचवायची मुदत घोड्याच्या वेगावर बांधलेली होती, ती प्रत्येक लेव्हलला नव्याने लावली. बुरुजावरच्या बरकंदाजांचा, म्हणजे बंदूकवाल्यांचा, पल्ला कमी केला, नाहीतर पायी माणूस माळ ओलांडूच शकेना. माळ ओकाबोका दिसायला लागला, म्हणून तिथे ओढा आणि करवंदीच्या जाळ्या घातल्या. ट्युटोरियलमधला रेकॉर्ड केलेला आवाज वाया गेला तो गेलाच.

“टेस्टर हसताना दुसऱ्या कुठल्या फीचरवर दिसलेत तुम्हाला?” अ‍ॅनिमेटरने विचारलं. ते मला अजून खोडता आलेलं नाही.

कोड पुसलेला नाही, नुसता बंद आहे. प्रोग्रॅमर म्हणतो, दर बिल्डला, म्हणजे गेमची नवी आवृत्ती बांधताना, आडवा येतो, उडवा. अ‍ॅनिमेटर म्हणते, अपडेटला लागेल. मी दोघांनाही ‘बघू’ म्हणून ठेवलंय.