दोन वर्षांचे केस

अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सहून साल्टापर्यंतच्या सुमारे वीस तासांच्या बसप्रवासाची नोंद माझ्या पाठीने ठेवली आहे, तेवढी पुरे. लिहायचे आहे ते साल्टाच्या मुख्य चौकातील पर्वतीय पुरातत्त्व संग्रहालयातल्या एका अंधाऱ्या दालनाविषयी, जिथे उणे २० अंशांच्या काचपेटीत एक मुलगी मांडी घालून, मान किंचित झुकवून बसली आहे.

युयायाको ज्वालामुखीच्या ६७३९ मीटर उंच शिखरावर १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती यांच्या पथकाला तीन मुले सापडली. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी इंकांनी, म्हणजे तेव्हा अँडीज पर्वतरांगांवर राज्य करणाऱ्यांनी, 'कापाकोचा' या बळीच्या विधीत ती तिथे अर्पण केली होती. एका लहानगीच्या देहावर पुढे कधीतरी वीजही पडली. संग्रहालय एका वेळी एकच मूल दाखवते. माझ्या वाट्याला आली ती थोरली, 'दोन्सेया', म्हणजे कुमारिका. ममी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लेप आणि पट्ट्या येतात. इथे त्यातले काहीच नव्हते, सारे थंडीने आणि कोरड्या हवेने राखले होते.

पण मला खिळवून ठेवले ते तिच्या केसांनी. बारीक, असंख्य वेण्या. इतक्या नेटक्या की घालणारीचा सकाळभराचा वेळ गेला असावा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच केसांतून तिच्या अखेरच्या दोन वर्षांचा हिशेब लागला: मृत्यूच्या वर्षभर आधी तिचे अन्न एकाएकी सुधारले, मांस आणि मका ताटात आला, कोकाची पाने वाढली आणि शेवटच्या आठवड्यांत मद्यही. ती तेरा वर्षांची होती. इंकांच्या लेखी हा बहुमान होता, हे मला समजते. तरीही ते सुधारलेले ताट आठवले की मला आपल्याकडचा जत्रेआधी खाऊ-पिऊ घालून पोसलेला बोकडच दिसतो.

शेजारचा एक पर्यटक 'झोपलीच आहे जणू' असे तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे रागाने पाहिले. या मुलांना काचेत मांडू नये, असे तिथल्या काही मूलनिवासी लोकांचे म्हणणे आहे आणि ते मला पटतेही. तरीही दुसऱ्या दिवशी काफायातेच्या द्राक्षमळ्यांची सहल सोडून मी पुन्हा तिकीट काढले.