स्वयंभू संख्यांची चाल

आज बर्डीहून खापरीला मेट्रोने जाताना पुतणीच्या वहीत आम्ही द. रा. कापरेकरांच्या स्वयंभू संख्या शोधत बसलो होतो. 21 मध्ये तिचेच अंक 2 आणि 1 मिळवले की 24 येते, म्हणून 21 ही 24 ची जनक. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू. 1, 3, 5, 7, 9 नंतर थेट 20 येते आणि तिथून 31, 42, 53 अशी 11 ची उडी 108 पर्यंत बिनचूक चालते (आमच्या आजीने इथे जपमाळच काढली असती). पुढे मात्र 119 नव्हे, 110! देवळालीच्या या शिक्षकाने हे सारे कागद-पेन्सिलीवर मांडले, याचे मला त्यांच्या प्रसिद्ध 6174 पेक्षाही (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की शेवटी हीच संख्या येते) अधिक अप्रूप वाटते. 121 पासून चाल पूर्ववत होते, पण 209 नंतर पुन्हा 211 येते, हे पुतणीने माझ्याआधी हेरले.