खोडदच्या तबकड्या आणि वर्षानुवर्षे चालणारी एक लाट

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागले की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या मळ्यांच्या वर प्रचंड तबकड्या डोके काढू लागतात. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या या परिसरात विखुरलेल्या आहेत. जवळ गेल्यावर मला सर्वांत नवल वाटले ते याचे, की त्यांना भरीव पत्रा नाहीच. पोलादी दोरांवर ताणून बसवलेली बारीक तारेची जाळी आहे आणि तिच्यातून पलीकडचे आभाळ सरळ दिसते. लांब रेडिओ लहरींना ही जाळी आरशासारखी परतवते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या कल्पकतेबद्दल मला मनापासून आदर आहे.

या तबकड्यांचे नाव २९ जून २०२३ रोजी एका मोठ्या घोषणेशी जोडले गेले. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील गटांनी, तसेच युरोपच्या गटाबरोबर काम करणाऱ्या आणि जीएमआरटी वापरणाऱ्या भारत-जपानच्या 'इनपीटीए' गटाने, अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींचा, पुरावा एकाच वेळी मांडला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो या उपकरणाने पकडलेली पहिली लहर सेकंदाच्या अंशभरात येऊन गेली होती. इथे मात्र लहरीचे एक आंदोलन पुरे व्हायला काही वर्षे लागतात, कधी दशकही लागते, आणि तिची लांबी प्रकाशवर्षांत मोजावी लागते. एवढी लाट मोजणारे उपकरण पृथ्वीवर बांधणे शक्यच नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी आकाशातली घड्याळे वापरली.

ही घड्याळे म्हणजे मिलिसेकंद स्पंदक, म्हणजेच पल्सार. सूर्याहून अधिक वस्तुमान एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात कोंबलेले हे न्यूट्रॉन तारे असतात. फिरताना त्यांचा रेडिओ झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो आणि तोच आपल्याला ठोक्यासारखा जाणवतो. त्यांतला पहिला १९८२ मध्ये सापडला आणि तो शोधणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. तो तारा सेकंदाला ६४२ वेळा फिरतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या पात्यापेक्षाही वेगाने. अशा ताऱ्याचा पुढचा ठोका केव्हा पोचेल हे फार अचूक सांगता येते. मधले अवकाश गुरुत्वीय लहरीने ताणले किंवा आकसले, तर ठोके सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास मागेपुढे होतात.

पण ठोका इतर कारणांनीही चुकतो. खोडदचे काम मला मोलाचे वाटते ते इथेच. ताऱ्यांमधल्या पोकळीत विखुरलेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना उशीर करतात आणि कंप्रता (सेकंदाला होणारी आंदोलने) जितकी कमी तितका उशीर जास्त. १४०० मेगाहर्ट्झवर जेवढा उशीर होतो त्याच्या सुमारे बारा पट ४०० मेगाहर्ट्झवर होतो. शिवाय हे इलेक्ट्रॉन सर्वत्र सारखे नसतात आणि तारा व पृथ्वी दोन्ही सरकत असल्याने वाटेतली त्यांची संख्या महिन्यागणिक बदलते. इनपीटीएचे निरीक्षक तबकड्यांचे गट पाडून एकाच स्पंदकाचे ठोके एकाच वेळी दोन्ही कंप्रतांच्या आसपास टिपतात आणि दोहोंतल्या फरकावरून वाटेतला उशीर काढतात. तो वजा केल्याशिवाय उरलेल्या फरकावर भरवसा ठेवता येत नाही.

उरलेला फरक लहरींचाच कशावरून? पृथ्वीवरच्या आपल्या घड्याळाची चूक असेल तर ती सर्व स्पंदकांत सारखीच दिसेल. लहरींची खूण निराळी आहे: आकाशात जवळजवळ असलेल्या स्पंदकांचे ठोके एकाच बाजूला ढळतात, काटकोनाच्या आसपास असलेल्यांचे उलट बाजूंना ढळतात, आणि समोरासमोरच्या दिशांना असलेल्यांत पुन्हा थोडे साम्य येते. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये गणिताने काढलेली ही वक्ररेषा अमेरिकी गटाला ६७ स्पंदकांच्या १५ वर्षांच्या नोंदींत उमटलेली दिसली.

वृत्तपत्रांनी 'लहरी सापडल्या' असे लिहिले, तरी मी 'पुरावा' हाच शब्द वापरतो. योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक, इतकी कमी झाल्याशिवाय शोध म्हणायचे नाही असा या क्षेत्राचा दंडक आहे आणि २०२३ मध्ये एकही गट तिथवर पोचला नव्हता.

लहरी कुठून येतात, हा वाद तर अजून पुरा रंगायचा आहे. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या केंद्रांतली महाकाय कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरू लागतात, आणि अशा असंख्य जोड्यांचा हा एकत्रित गजबजाट असावा, हे मला सर्वांत पटणारे उत्तर आहे. विश्वाच्या आरंभीच्या उलथापालथीतून या लहरी उरल्या असतील, असे मानणारे सिद्धांतही आहेत. कृष्णविवरांच्या जोड्याच कारण असतील, तर एखादी जवळची जोडी आकाशाच्या एका दिशेला इतरांपेक्षा ठळक दिसायला हवी; विश्वारंभीच्या लहरी मात्र सगळीकडून जवळजवळ सारख्याच याव्यात. ती दिशा शोधण्यासाठी जगभरच्या गटांच्या नोंदी एकत्र केल्या जात आहेत आणि खोडदच्या तबकड्या ठरावीक दिवसांनी पुन्हा त्याच स्पंदकांकडे वळत आहेत.