बाटलीतले मेलेले जंतू

‘सलाईन लावल्यावर एखाद्याला हुडहुडी भरते, म्हणजे बाटलीत जंतू होते का हो?’ मी सलाईनच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

थंडी-ताप येण्याची कारणं बरीच. पण दोष बाटलीचाच असेल, तरी त्यात जिवंत जंतू असायला हवेत असं नाही. मेलेलेही पुरतात.

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो. अर्धा चरबी, अर्धा साखर. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, 121 अंशांवर जिवाणू मरतात, हा मात्र शाबूत राहतो. काचेवरून तो घालवायचा तर 250 अंशांच्या कोरड्या भट्टीत अर्धा तास. बर्लिनमध्ये जिवाणूशास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना हेच दिसलं होतं : उष्णतेने मारलेले कॉलऱ्याचे जंतू टोचले तरी गिनीपिग दगावत. 1892च्या सुमारास त्यांनी याला ‘एंडोटॉक्सिन’ म्हटलं, आतलं विष.

मला ‘विष’ हा शब्द तितकासा पटत नाही. हा रेणू स्वतः काही जाळत नाही की पोखरत नाही. आपल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवर टीएलआर-4 नावाचा पहारेकरी असतो, तो त्याची चरबीची शेपटी ओळखतो आणि बोंब ठोकतो. पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा प्रथिन-रेणू मोकळा होऊन केंद्रकात शिरतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 ही निरोप्या प्रथिनं रक्तात सुटतात. त्यांच्या सांगण्यावरून मेंदूजवळ प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस हा मेंदूतला भाग तापमानाचा काटा वर सरकवतो. अंगाला वाटतं आपण गार पडलोय, म्हणून दात वाजतात. म्हणजे ताप आपणच आणलेला!

पटत नसेल तर उंदरांना विचारा. सी3एच/एचईजे जातीचे उंदीर एंडोटॉक्सिनच्या भल्यामोठ्या डोसालाही दाद देत नाहीत. 1998मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने कारण शोधलं : या उंदरांच्या टीएलआर-4मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं. विष तेच, पहारेकरी आंधळा. 2011च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये बॉयटलर यांचा वाटा होता.

आमची एंडोटॉक्सिनची टेस्ट हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या निळ्या रक्तावर चालते. त्याच्या रक्तपेशींचा अर्क आणि नमुना छोट्या नळीत समसमान घालायचे, 37 अंशांवर तासभर नळी हलवायचीसुद्धा नाही, मग हलकेच उलटी करायची. जेल बुडाला चिकटून राहिली तर एंडोटॉक्सिन आहे. ओघळली तर बाटली पास.

पहिल्याच वर्षी माझ्या निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे निव्वळ शुद्ध पाण्याची, नळी उलटी केली आणि जेल जागची हलेना. सिनियर मॅडमनी नळीकडे पाहिलंही नाही.

‘पिपेटच्या टिपचं टोक बोटाने धरलंस ना?’

धरलं होतं. साबणाने स्वच्छ धुतलेल्या बोटाने.